फरशीवरचं क्वार्ट्झ
नव्या ओट्यासाठी अंधेरीच्या दुकानात क्वार्ट्झचा गुळगुळीत तुकडा हातात घेतला आणि मला एकदम घामट मोज्यांचा वास आठवला. पार्ल्याच्या कॉलेजात सिलिकेट खनिजांचे प्रकार आमच्या टाळक्यात शिरेनात, तेव्हा भूगर्भशास्त्राच्या बाईंनी बाकं भिंतीला लावली, आम्हाला बूट काढायला लावले आणि म्हणाल्या, "दोन हात, दोन पाय. प्रत्येकाला चार टोकं आहेत ना? मग टोकाला टोक जोडा. कसं जोडता, त्यावर खनिज ठरतं." एकटा उभा राहिला तो ऑलिव्हिन, सहा जणांनी हात धरून फेर धरला की पाचू. अभ्रकासाठी तीन टोकं जोडायची, म्हणून अख्खा वर्ग एका पायावर डुगडुगत होता. क्वार्ट्झला तर चारही टोकं लागतात. शेवटी आम्ही सगळे फरशीवर आडवे झालो, हाताला हात, तळव्याला तळवा. माझ्या तळव्याला नेमका तिचा तळवा आला, जिने सहलीत माझी हातोडी हरवली होती आणि जिच्याशी मी तेव्हापासून बोलत नव्हतो. "क्वार्ट्झ असं सहज तुटत नाही हां," असं बाई बजावत होत्या, तेवढ्यात तिने अंगठ्याने मला गुदगुल्या केल्या. मी लाथ झाडली, अख्खा स्फटिक किंचाळत विस्कटला आणि दारात प्राचार्य उभे. "हे काय चाललंय?" "झीज, सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "एकदम मजबूत माल आहे साहेब, आयुष्यभर तुटणार नाही," दुकानदार सांगत होता. "गुदगुल्या करून बघितल्यात का?" माझ्या बायकोने त्याला विचारलं.