हवेतली चढती रेघ

ऑलिव्ह तेलाच्या एजंटाने मला फसवले. नवेगाव बांध गावात मी स्वतः उभा केलेला तेलघाणा आहे, तिथे दर मंगळवारी तो चकचकीत बाटल्या घेऊन येतो. बोलताना एका हाताने मिशी कुरवाळतो आणि दुसऱ्याने हवेत चढती रेघ काढतो. "काका, साऱ्या देशाच्या जेवणात ऑलिव्ह वाढून राहिलं, अन् तुम्ही जवसच पिळून राहिले."

त्या रेघेपायी मी जवसाचे डबे मागे ढकलले आणि त्याच्या बाटल्या पुढे मांडल्या. गिऱ्हाइकांना वाटले, घाणा बंद पडला. ती अर्जुनीच्या घाण्यावर जाऊ लागली. बाटल्या मात्र भराभर संपल्या. शेवटी एका म्हातारीला विचारले, "भाजी कशी होते याची?" ती म्हणाली, "भाजीत कायले टाकू? नातवाले चोळतो आमी." दुसरीने गुडघे दाखवले, एकाने बैलाची शिंगे. हसून हसून मला ठसका लागला.

मंगळवारी एजंट आला, जेवणाचा डबा उघडला आणि चटणीवर घ्यायला माझेच जवसाचे तेल मागितले. बोटे चाटून पुन्हा रेघ काढू लागला. मी त्याचा हात हवेतच धरला. "नातू, गुडघे, शिंगं, सारे तू जेवणात धरले. खाल्लं कोनं, त्याचं नाव सांग. सांगितल्याबिगर हात सोडत नाही."