एकच चिठ्ठी

चाकण रस्त्यावर एखाद्या वर्कशॉपसमोर मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास आला की मला भोसरीतली ती दुपार आठवते. मी तेव्हा मशीनचे सुटे भाग ऑनलाइन विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत नवी होते. ॲपने सर्व्हरकडून माहिती रेस्ट पद्धतीने मागवायची की ग्राफक्यूएलने, यावर आठवडाभर वाद चालला होता. आमचं गिऱ्हाईक वर्कशॉपमधलंच, म्हणून ॲप तिथे कसं चालतं ते बघायला मी जेवणाच्या सुट्टीत वडील काम करत त्या वर्कशॉपमध्ये गेले. पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क जेमतेम. एका ड्रिलचं पान काही पूर्ण उघडेना. "फोटो, किंमत, स्टॉक, सगळं वेगवेगळं मागवावं लागतं ना," मी म्हणाले. वडील हात पुसत म्हणाले, "मग एकदाच का मागत न्हाईस? मी स्टोअरला एकच चिठ्ठी देतो, पाहिजे तेवढंच लिहून. दहा फेऱ्या कोण मारणार?" ग्राफक्यूएल म्हणजे नेमकं हेच होतं, आणि दहा फेऱ्या म्हणजे रेस्ट. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी ती चिठ्ठी सांगितली. रेस्टसाठी हटून बसलेले आमचे टीम लीड म्हणाले, "पटलं. ग्राफक्यूएलच करू. पण हे वाचलंस कुठं?" तोवर वडील काय करतात असं कुणी विचारलं, की मी 'कंपनीत आहेत' म्हणून विषय बदलायचे. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "वडिलांनी सांगितलं. भोसरीत लेथ चालवतात ते." आज मी स्वतः टीम सांभाळते, मीटिंगमध्ये पुष्कळ बोलते, पण इतक्या ताठ मानेनं बोललेलं दुसरं वाक्य मला आठवत नाही.