त्याने निवडलेला कॅमेरा

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा त्याची असायची. मी पेणला बसायचो, तो गडबला चढायचा आणि धाटाव येईपर्यंत माशांबद्दल बोलत राहायचा. आम्ही दोघं एकाच प्लँटवर ऑपरेटर. सुट्टीला बरोबरच गळ घेऊन निघायचो, कधी रोह्याला कुंडलिकेच्या काठावर, कधी पेणच्या खाडीवर. त्याचे मोठे मासे मात्र नेहमी मी नसताना लागायचे. परवा जिताडा मिळाला, पण बहिणीकडे देऊन टाकला. काल त्याहून मोठा होता, काठाशी येऊन सुटला. बसमधले हसायचे. मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडायचं, "आजचा केवढा होता रे, बसमध्ये मावला असता काय?" तोही हसायचा. त्याला वाटायचं, सगळे आपल्यासोबत हसतायत.

माझा मोबाइल कुंडलिकेत पडला तेव्हा तासभर कंबरभर पाण्यात उभा राहून त्यानेच पायांनी तळ चाचपला होता. मोबाइल मिळाला नाही. मी बसमध्ये सांगितलं, नवा मोबाइल पाण्यावर नेणार नाही, आता पाण्यात चालणारा कॅमेरा घेतो. मागचे म्हणाले, "घेच. याचा जिताडा एकदाचा बघू तरी." मी त्यांना डोळा मारला. तो खिडकीशी डुलक्या घेत होता. त्याचं प्रत्येक वेळचं रिकाम्या हाताने परत येणं टिपायचं आणि बसच्या ग्रुपवर टाकायचं, असं त्याच फेरीत ठरलं.

कॅमेरा घ्यायला मी त्यालाच बरोबर नेलं. पेणच्या बाजारात एका चाचांचं दुकान होतं. बरीच वर्षं आखातात काढून आलेले, घड्याळं आणि कॅमेरे विकायचे. त्यांनी काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. मी सर्वांत खोल पाण्यात टिकणारा काळा उचलला.

"खोल कशाला?" तो म्हणाला. "आपण काय बुडी मारणार हाय? पडला तर तरंगायला हवा. आणि काळा चिखलात दिसायचा नाय."

त्याने चाचांकडे पाणी मागितलं, हात ओले केले आणि तिन्ही कॅमेऱ्यांची बटणं दाबून पाहिली. एकाचं बटण इतकं बारीक होतं की ओलं बोट सटकत होतं. दुसऱ्याची काच अशा कोपऱ्यात होती की धरताना बोट आडवं यायचं. तो बाजूला ठेवताना म्हणाला, "याच्यात माशाऐवजी तुझा अंगठाच येईल." शेवटी पिवळा उरला. चाचांनी झाकण उघडून आतलं रबर दाखवलं. "वाळूचा एक कण हितं राहिला तर पाणी शिरलंच म्हणून समज. आणि खाडीवरून आलास की गोड्या पाण्यात धुवायचा."

"मी धुवीन, चाचा," तो म्हणाला. "हा विसरतो."

तरंगणारा पट्टाही त्यानेच निवडला. काचेवरचा थेंब पुसायला मऊ फडकं घ्यायला लावलं. परत येताना लहान मुलासारखा खूश होता. "आता मोठा लागू दे," म्हणाला.

पहिल्या दोन सुट्ट्यांत काहीच लागलं नाही. मी त्याची रिकामी पिशवी टिपली, तोंड पाडून गळ गुंडाळतानाचा चेहरा टिपला. ग्रुपवर लोक खिदळले. तो त्या ग्रुपवर नव्हता.

तिसऱ्या सुट्टीला आम्ही पेणजवळ खाडीच्या बांधावर गेलो. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटी सुरू झाली की उघाडीपाशी मासा येतो. सकाळची वेळ होती. जिवंत कोळंबी लावून तो खालच्या दगडांवर उतरला. मी बांधावर कॅमेरा घेऊन उभा.

थोड्या वेळाने त्याची काठी एकदम वाकली. रीळ कर्रकन ओरडलं.

"व्हिडिओ काढ! काढतोयस ना?" तो खालून ओरडला.

मी काढत होतो. मासा पाण्याबाहेर आला, पूर्ण बाहेर, डोकं झटकत. जिताडाच. मांडीएवढा जाड, चांदीसारखा. छोट्या पडद्यावर मला त्याचे खवले दिसले. मग तो पुन्हा उडाला, आणखी जवळ.

त्याला जोर लावायला मागे सरकावं लागलं आणि पाय दगडावरून चिखलात गेला. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. तो तोंडावर पडला, पण काठी सोडली नाही. दोर तुटला. "हात दे रे," तो ओरडला. मी कॅमेरा खाली केला नाही. दोनदा हाक मारली त्याने. शेवटी उघाडीचं लाकूड धरून स्वतःच वर आला. तोंड चिखलाने भरलेलं आणि तो हुंदके देऊन रडत होता.

"बघितलास ना? तू बघितलास ना?"

"व्हय, बघितला," मी म्हणालो.

घरी आल्यावर बायको झोपली होती, दुपार होती. मी ते चित्रण पाच-सहा वेळा पाहिलं. पंधरा वर्षं मी गळ टाकतोय. तसा मासा माझ्या दोराला कधी लागला नाही. मी माशाचा भाग कापला. पडणं, हाका आणि रडणं एवढंच ठेवलं आणि ग्रुपवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो गडबला चढला तेव्हा बसभर मोबाइलवर त्याचंच रडणं वाजत होतं. आधी त्याला कळेना. मग तो म्हणाला, "अरे, मासा होता! यालाच विचारा, याने बघितलाय." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मला तर पाणी उडालेलं दिसलं," मी म्हणालो.

धाटावला उतरल्यावर गेटपाशी त्याने मला बाजूला घेतलं. "सगळं दाखव एकदा."

"काचेवर थेंब होता. काही आलंच नाय."

"पण तू म्हणालास, बघितला."

"तू रडत होतास, म्हणून व्हय म्हटलं."

तो हळूच म्हणाला, "फडकं घेतलं नव्हतंस काय?" आणि आत गेला.

त्यानंतर तो बसमध्ये पुढे, ड्रायव्हरच्या मागे बसू लागला. माशांचं बोलणं बंद झालं. काही आठवड्यांनी त्याने शिफ्ट बदलून घेतली. बसमधल्यांनी दुसरा माणूस शोधला, ज्याच्या टकलावर हसता येईल. मी एकटाच खाडीवर जात राहिलो.

पुढच्या वर्षी पेणच्या मासळी बाजारात त्याची बायको भेटली. हातात पिशवी, सुकट घेत होती. मला पाहून बाजूला आली.

"भावजी, एक विचारू? गळ विकून टाकला यांनी. आता सांगतात, मासा नव्हताच, मला भास झाला. आधीचे पण सगळे भासच असतील म्हणतात. बहिणीकडे मी स्वतः नेऊन दिलेला मासा, त्याच्यावरही विश्वास नाय त्यांचा. तुम्ही होतात तिथं. खरं काय ते सांगा."

चित्रणाचा कापलेला तुकडा माझ्या मोबाइलमध्ये होता. तिला तिथल्या तिथे दाखवता आला असता.

"नव्हता, वहिनी," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "तुम्ही म्हणता म्हणजे नसेलच," म्हणाली आणि पिशवी सावरत गडबच्या रिक्षांकडे चालू लागली.