‘समजलं का?’ विचारायचं नाही

फोनवर लक्ष्मण सरांचं नाव दिसलं, म्हणून मी नेहमीसारखंच म्हणालो, “काय सर, बरं आहे ना?” पलीकडून एका बाईचा आवाज आला, “मी कौशा बोलते, त्यांची बहीण… दादा सकाळी गेला हो.” त्याला आता महिना होऊन गेला. पण फोन उचलताना मी जे बोललो, ते अजून कानातून जात नाही.

आमची ओळख कोरोनात शाळा बंद होत्या त्या काळातली. मी वाटूरला गणित शिकवणारा, खडू-फळ्याशी केस पांढरे केलेला मास्तर. मोबाईलवर शिकवायचं म्हटल्यावर राजीनामाच लिहून खिशात घातला. पोरांसमोर हसं करून घेण्यापेक्षा राजीनामा बरा, असं मनाशी ठरवूनच मी जालन्याला प्रशिक्षणाला गेलो. शिकवायला होते हसनाबादचे लक्ष्मण सर. मेंढ्या राखणाऱ्या बापाचा पोरगा, शिकून मास्तर झालेला, आणि आता मास्तरांचा मास्तर. त्यांनी आम्हा एकेकाला वेगळ्या खोलीत मोबाईलसमोर उभं केलं आणि स्वतः विद्यार्थी बनून आपल्या फोनवर बघत बसले. मी सवयीने फळ्याकडे तोंड केलं, त्रिकोणाचं प्रमेय रंगात येऊन सिद्ध केलं, मध्ये दोनदा “समजलं का?” विचारलं. दोन्ही वेळा पडद्यावर उत्तर उमटलं, “हो सर.” छाती फुगवून बाहेर आलो, तर हे गृहस्थ गेटसमोरच्या टपरीवर उभे!

“मी इथं चहा पिऊन राह्यलो, अन् तुम्ही तिथं प्रमेय सिद्ध करून राह्यले,” ते म्हणाले. “सदरा मागून उसवलाय सर तुमचा. तेवढं मात्र बराबर दिसलं.”

सगळे हसले. माझे कान तापले. मग त्यांनी माझ्यापुढे चहाचा ग्लास सरकवला आणि हळू आवाजात म्हणाले, “समजलं का म्हणलं की पोरगं हो म्हणतं. त्याची सुटका, आपलं समाधान. ते इचारूच नका. वहीत काय लिहिलं ते वाचून दाखव म्हणा.”

पुढच्या आठवड्यात मी तसंच विचारलं. एक मुलगी म्हणाली, “सर, वहीच न्हाई. कवाच संपली.” हीच पोरगी मला रोज न चुकता “हो सर” लिहीत होती. तिला वही पोचवली, आणि खिशात घालून फिरत होतो तो राजीनाम्याचा कागद फाडून टाकला.

शाळा उघडल्या, प्रशिक्षणं संपली, पण तेव्हापासून सुरू झालेला आमचा संध्याकाळचा फोन सुटला नाही. माझी बायको आधीच गेलेली, सर तर सडेफटिंग. दोन एकट्या माणसांना बोलायला विषय कशाला लागतो! त्यांच्या पोटाचं दुखणं निघालं तेव्हाही फोन चालू होता, फक्त आखडत गेला. “बरं आहे ना?” “बिलकुल.” “औषधं चालू?” “चालू.” मी निर्धास्त व्हायचो. खरं सांगायचं तर त्यापुढचं ऐकायची माझी तयारीच नव्हती.

तेराव्यानंतर हसनाबादला गेलो. कौशाबाईंनी चहा दिला आणि सहज म्हणाल्या, “शेवटी शेवटी पाणीबी ठरत नव्हतं पोटात. पण तुमचा फोन वाजला की म्हणायचा, जल्दी उठव मला. भिताडाला टेकून बसायचा, घसा साफ करायचा, अन् मंगच उचलायचा.”

चहा हातातच निवला. ‘हो’वर विश्वास ठेवू नका, हे ज्याने मला शिकवलं, त्याचंच ‘बिलकुल’ मी सहा महिने खरं मानलं. एकदा जरी म्हटलं असतं, सर, आज पोटात काय गेलं ते सांगा… नाही म्हटलं. मला स्वतःचा राग येतो, आणि थोडा त्यांचाही येतो. गुरुजीच कॉपी करायला लागल्यावर बघायचं कुणाकडे?

निघालो तेव्हा कौशाबाई दारापर्यंत आल्या. “तुमीबी एकटेच ऱ्हाता म्हणं भाऊ. जेवणाखाण्याचं बराबर व्हतं ना?”

माझ्या घरात दोन दिवस गॅस पेटला नव्हता.

“होतं की,” मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.