दाजींच्या गाडीची ताकद

आमचे दाजी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासतात. स्वभाव इतका सावध, की लिफ्टमध्ये शिरण्याआधी वजनाची पाटी वाचतात. अशा माणसाने टर्बो इंजिनची गाडी घेतली आणि त्यांच्या अंगात वारंच शिरलं. घर ते दुकान सात किलोमीटर, वाटेत अकरा सिग्नल. तरी व्हिडिओ बघून बघून गाडीची ताकद वाढवायचीच, असं त्यांनी मनावर घेतलं.

रविवारी मला सोबत घेऊन ते गॅरेजमध्ये गेले. गॅरेज चालवणाऱ्या बाई हात पुसत बाहेर आल्या.

"इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलायचंय," दाजी ऐटीत म्हणाले.

बाईंनी बॉनेट उघडून एअर फिल्टर बाहेर काढला. धुळीने तो पार गच्च झाला होता. "हा शेवटचा कधी बदललात?"

"तो बदलतात?" दाजींनी विचारलं.

बाईंनी हसू दाबत नवा फिल्टर बसवला, स्पार्क प्लग बदलले, चारही टायरमध्ये हवा भरली. "आधी एवढ्यावर चालवून बघा. प्रोग्रॅमिंगचं नंतर बोलू."

गाडी खरंच चपळ झाली होती. पहिल्याच चढावर दाजी ओरडले, "अरे, पाठ सीटला चिकटली!" वेगाचा काटा बेचाळीसवर होता.

घरी ताईने विचारलं, "काय केलंत मग गाडीला?"

"तुला नाही कळायचं. बरंच टेक्निकल आहे," दाजी म्हणाले.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी पाणी पीत राहिलो.