जिन्यातला खालचा

सामान हलवणाऱ्यांच्या धंद्यात माणसं दोनच प्रकारची, वरची आणि खालची. कपाट जिन्याने चढवायचं असलं की वरचा माणूस पाठमोरा होतो आणि पायाने पायरी चाचपत मागे मागे जातो. खालचा छातीवर वजन घेऊन ढकलत येतो. वरच्याला वाट कळावी लागते. खालच्याला नियम एकच, काही झालं तरी पाऊल मागे घ्यायचं नाही. घेतलं की कपाट अंगावर.

याच धंद्यातल्या ताईचा धाकटा भाऊ जन्माचा खालचा. इतका, की धंद्यातले लोक त्याला ‘खालचा’ अशीच हाक मारायचे आणि तोही ओ द्यायचा. वडील अचानक गेले तेव्हा तो शाळेत होता, आणि मागे राहिलेल्या ट्रकच्या ब्रेकपर्यंत ताईचा पाय जेमतेम पोचत होता. कामाच्या पहिल्याच दिवशी तिने त्याला जिन्यात खाली उभं केलं आणि दम भरला, “मागे सरकलास तर बघ. कपाट तुझ्यावर पडेल आणि बोंबलत मी बसेन.” तेव्हापासून तो सरकला नव्हता. कपाटं, फ्रीज, शिलाई मशीन, एकदा तर मालकिणीच्या हट्टापायी कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट; सगळं त्याने छातीने वर नेलं.

बॉक्सिंगमध्ये तो शिरला तोही हमाली करतच. एका तळघरातल्या व्यायामशाळेत त्याने सरावाच्या जड पिशव्या पोचवल्या, छताच्या हुकांना टांगून दिल्या, आणि जाता जाता गंमत म्हणून एकीला ठोसा लगावला. पिशवी खाली आली, हुक खाली आला आणि छताचा थोडा गिलावाही खाली आला. तिथले म्हातारे कोच डोक्यावरची धूळ झटकत म्हणाले, “हुकाची भरपाई म्हणून उद्यापासून यायचं.”

तो गेला, आणि जिंकतच सुटला. त्याची लढत बघायला आलेल्याने शिंकायचीसुद्धा सोय नव्हती. रुमाल खिशात परत जाईपर्यंत समोरचा आडवा झालेला असायचा. भाऊ जिंकला की ताईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं, आणि ती मुळात काही हाडकुळी नव्हती. गिऱ्हाईक भाव करायला लागलं की ती भावाकडे बोट दाखवून म्हणायची, “शहरातला सगळ्यात जड हात तुमचा फ्रीज उचलतोय. बोला आता.” दिवसभर लोकांचं सामान वाहणाऱ्या त्या माणसाकडे स्वतःचं असं हे एवढंच होतं, संध्याकाळची व्यायामशाळा आणि खुंटीला लावलेले हातमोजे.

मग त्याच्यासमोर वेटर आला.

तो खरोखरच एका हॉटेलात वेटर होता, अंगाने बांबूची काठी. त्याला पाहून ताईला कीवच आली. पहिल्या फेरीत आपल्या खालच्याचा उजवा हात त्याच्या कानशिलावर बसला आणि वेटर मटकन खाली बसला. ताई तर घरी निघायच्या तयारीने पिशवी आवरायला लागली. पण तो उठला, आणि उठला तो वेगळाच माणूस होऊन. आधी समोरून येत होता, आता बाजूने यायला लागला. हात लांब पडतोय असं दिसलं की आत शिरायचा, खालच्याने कोपर मिटलं की बाहेर. दुपारच्या गर्दीत चार टेबलांमधून ताटं घेऊन फिरणारा माणूस तो, कुठली खुर्ची कधी मागे सरकेल ते त्याच्या अंगालाच कळत होतं. आणि आपला पठ्ठ्या? पाय रोवून उभा. डावीकडून मार आला तरी उभा, उजवीकडून आला तरी उभा. शेवटच्या फेरीत त्याचा डोळा पार मिटला, तरी तो उभाच होता. पंचांनी वेटरचा हात वर केला.

दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या गल्लीला ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ ही एकच म्हण आठवली. न्हाव्याला आठवली, शेजारणीला आठवली, ज्यांनी आयुष्यात ना शक्ती वापरली ना युक्ती त्यांनाही आठवली. त्या म्हणीचा ताईला भारी संताप आला. तिचा भाऊ काही बिनडोक नव्हता. वळणावर अडकलेलं कपाट कसं कलतं करायचं, कुठला पाय आधी आत घालायचा, हे तो खालून नुसत्या बोटांच्या स्पर्शाने सांगायचा. अशा माणसाला युक्ती नाही म्हणणाऱ्यांनी एक टेबल तिसऱ्या मजल्यावर नेऊन दाखवावं.

कोच मात्र म्हण सांगत बसले नाहीत. त्याचा सुजलेला डोळा त्यांनी बोटाने उघडून बघितला आणि म्हणाले, “वेटरशी पुन्हा एक लढत लावतो. त्यातही असाच खांबासारखा उभा राहिलास, तर हातमोजे माझ्याकडे आणून द्यायचे. डोकं फुटेपर्यंत तुला उभा करणारा माणूस मी नाही.”

घरी येऊन त्याने हातमोजे खुंटीला लावले, आणि जेवताना सारखा त्या खुंटीकडेच बघत राहिला.

सराव सुरू झाला, पण पालथ्या घड्यावर पाणी. एका संध्याकाळी ताई त्याला न्यायला तळघरात गेली तेव्हा कोच झाडूचा दांडा त्याच्या छातीला लावून ढकलत होते आणि ओरडत होते, “मागे जा! अरे, एक पाऊल मागे!” तो घामाने निथळत होता. मागे जायची त्याची फार इच्छा होती, पण दांड्याचा जोर वाढला की तो आपसूक पुढे रेलायचा. शेवटी दांडाच मोडला. सगळे हसले, ताईही हसली. मग तिचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. डावा पाय वरच्या पायरीवर टेकावा तसा पुढे, उजवा मागे तिरका रोवलेला. समोर जिना नव्हता, एवढाच काय तो फरक. हे पाय तिनेच रोवले होते.

सकाळी पहिल्याच कामाला, एका शिक्षिकेचं पुस्तकांचं कपाट जिन्याशी आणलं आणि ताई खालच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

“हे काय?” तो म्हणाला.

“आज मी खाली.”

“वेड लागलंय का तुला? गुडघे बघ तुझे!”

“गुडघे माझे आहेत, मी बघते. तू वर हो.”

“ताई, हे सुटलं ना, तर चपटी होशील.”

“मग सोडू नकोस. चल.”

वरच्या टोकाला त्याची जी त्रेधा उडाली ती बघण्यासारखी होती. डोंगराएवढा तो माणूस, पण मागची पायरी पायाला सापडेना. दोनदा अडखळला, एकदा कठड्यावर आपटला. शिक्षिका डोळे मिटून घेऊन भिंतीला चिकटली. खाली ताईच्या छातीवर सगळा भार आलेला, दम लागलेला, तरी तिने आवाज खणखणीत ठेवला, “वजन माझ्याकडे आहे. तू जा मागे.”

मग रोज तेच. कपाट असो की सोफा, ताई खाली. रात्री ती गुडघ्यांना शेक घ्यायची आणि तो समोर तोंड पाडून बसला की म्हणायची, “थोबाड सरळ कर. कपाटापेक्षा तेच जड आहे.” हळूहळू त्याची टाच पायरी ओळखायला लागली. वळणावर तो अंग आपोआप तिरकं करायला लागला. एकदा फ्रीज चढवताना चक्क शीळ घालत होता.

पुन्हा लढतीची संध्याकाळ आली. कोचनी ताईला पाण्याची बादली घेऊन कोपऱ्यात उभं राहू दिलं. पहिली फेरी सुरू झाली. दिव्यांखाली गेल्यावर तो सगळं विसरला होता. तोच पाय पुढे, तोच मागे, आणि वेटर येऊन त्याच्या बरगड्या मोजून जात होता. घंटा झाली, तो स्टुलावर येऊन बसला. कोच काहीतरी सांगत होते. त्यांतलं काहीही त्याच्या कानात शिरत नव्हतं. ताई वाकली आणि जिन्यातल्या आवाजात म्हणाली, “वजन माझ्याकडे आहे. तू जा मागे.”

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या फेरीत वेटर नेहमीसारखा आत शिरला, आणि खालचा एक पाऊल मागे गेला. एवढंच. पण वेटरचे हात हवेत गेले, तोल पुढे गेला, आणि तिथे तो प्रसिद्ध उजवा हात वाटच बघत होता. वेटर दोरांवर जाऊन आदळला. सभागृह उठून उभं राहिलं. ताईने आनंदाच्या भरात अख्खी बादली कोचच्या बुटांवर ओतली. तिला रडू येत होतं आणि ते लपवायची तिला मुळीच गरज वाटली नाही.

आता इथेच तो जिंकला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण वेटर तो वेटरच. तिसऱ्या फेरीत त्याने पुन्हा चाल बदलली, छातीला छाती भिडवून हात फिरवायला जागाच ठेवली नाही. खालच्याने जिन्याच्या वळणावर वळावं तसं अंग वळवून वाट काढली. वेटरने आणखी काही बदललं, यानेही बदललं. मात्र वेटरला ते वर्षानुवर्षं येत होतं, आणि याने ते कालपरवा शिकलेलं. पंचांनी थोडक्या फरकाने का होईना, वेटरचाच हात वर केला.

तो हात खाली येताच वेटर सरळ त्यांच्या कोपऱ्यात आला. त्याचा ओठ फाटला होता. “गेल्या वेळी घरी जाऊन जेवलो होतो,” तो म्हणाला. “आज काही चावता येईलसं वाटत नाही. पुन्हा कधी?”

खालच्याने कोचकडे पाहिलं. कोच ओल्या बुटांतून पाणी काढत बसले होते. “हातमोजे वाळवून ठेव,” ते म्हणाले. “सोमवारी सराव आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी एका नव्या इमारतीत कपाट न्यायचं होतं. ताई सवयीने खालच्या टोकाकडे निघाली, तर त्याने तिला हाताने अडवलं. “थांब जरा. आधी जिना बघून येतो.”

तो वर जाऊन आला. “पहिल्या वळणापर्यंत मी खाली. पुढे पायऱ्या अरुंद आहेत, तिथे खाली टेकवून बदलू. मग परत बघू.”

घरमालक दारातच उभे होते. त्यांची नजर त्याच्या काळ्यानिळ्या गालावर खिळली होती. ताईने ते पाहिलं, पदर खोचला आणि मान ताठ करून म्हणाली, “माझा भाऊ काल बॉक्सिंगमध्ये हरला.”

हे तिने अशा काही दिमाखात सांगितलं, की घरमालकांनी घाईघाईने पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला आणि त्याचं अभिनंदन केलं.