ते पत्र सुनेने लिहिलं नव्हतं

माझ्या मित्राचं ड्रायव्हिंग लायसन्स त्याच्या सुनेमुळे गेलं, असं इथे परदेशात, ट्रुगानिना उपनगरातल्या आमच्या ज्येष्ठांच्या गटात सगळे धरून चालतात. मीही मान डोलावत आलो. ते खोटं आहे.

लायब्ररीच्या हॉलमध्ये एका दुपारी फ्रेंच सिनेमा होता. अबोला धरलेल्या दोन म्हाताऱ्या बहिणी जुन्या व्हॅनमधून समुद्राकडे निघतात, मागच्या सीटवर एक शेळी. खाली इंग्रजी अक्षरं. माझ्या बायकोला इंग्रजी वाचता येतं, पण ती अक्षरं तिच्यासाठी थांबत नाहीत. तिने माझ्याकडे पाहिलं. "घरी गेल्यावर सांगतो," मी म्हणालो. नेहमी हेच म्हणायचो, आणि घरी गेल्यावर कधी काही सांगितलं नाही.

तिच्या पलीकडे मित्र होता. एकटा, बायको गेलेली. तो वाकून तिला मराठीत सांगू लागला. "धाकटी म्हणते, शेळीला पुढे घे, ती तुझ्यापेक्षा कमी बोलते." सगळा हॉल हसून गप्प झाला की मग माझी बायको एकटीच हसायची, ओढणी तोंडावर धरून. मी पडद्याकडे बघितलंच नाही. तिचं ते मागाहून येणारं हसू ऐकत राहिलो.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अहो, आपणही गाडीने जाऊ या ना. लेकीकडे, टूवूंबाला."

"विमान आहे की."

"विमानातून काय दिसतं, डोंबल?"

"वहिनी, गाडी माझी, डबा तुमचा," मित्र म्हणाला. "हा मागे बसेल."

"शेळीच्या जागी?" ती म्हणाली, आणि दोघं पुन्हा हसली.

मला डोळ्यांमुळे गाडी चालवता येत नाही. पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात दशम्या किती, चिवडा किती, मुक्काम कुठे, एवढंच. प्रत्येक गोष्ट ती फोनवरून त्याला विचारी. शेवटी मी लायसन्सच्या ऑफिसला पत्र लिहिलं. हा गृहस्थ गाडी चालवताना गोंधळतो, दोनदा लाल सिग्नल तोडताना पाहिला, असं. एकदाही पाहिला नव्हता. तिथे कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात.

कुणीतरी पत्राने कळवलंय असं सांगून त्याला टेस्टला बोलावलं. घाबरून चुकत गेला, नापास झाला. आमच्या वस्तीत गाडीशिवाय दूधही आणता येत नाही. सून बरेच दिवस "बाबा, आता ड्रायव्हिंग पुरे," म्हणत होती, म्हणून त्याने तिलाच धरलं. दोन वर्षं एका घरात राहून तो तिच्याशी बोलला नाही. ती आमच्याकडे येऊन माझ्या बायकोजवळ रडायची, तेव्हा मी आत चहा करत असायचो.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. सून डबे धूत होती. तिच्यासमोरच सांगितलं, "पत्र मी लिहिलं."

तिने नळ बंद केला. त्याने टेबलाजवळची खुर्ची ओढली. मग सुनेला म्हणाला, "बस जरा." मला बस म्हणाला नाही.

"वहिनींना सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे काय करतोयस? आधी तिला सांग."

या वेळी 'वहिनींना' नाही, 'तिला' म्हणाला. एवढं होऊनही माझ्या मनात तेच खुपलं. चालतच घरी आलो. बायको दारातच झाडांना पाणी घालत होती.